शेरेशेव्स्की: सहा वर्षं बिशप आणि एका बोटाचं बायबल

जुनी_पानं (धागाकर्ता)

एपिस्कोपल चर्चच्या (अमेरिकेतलं अँग्लिकन परंपरेचं चर्च) बिशपांवरच्या मागच्या धाग्यात सॅम्युएल आयझॅक जोसेफ शेरेशेव्स्की हे नाव आलं आणि दोन प्रतिसादांत वाहून गेलं. माणूस स्वतंत्र धाग्याच्या लायकीचा आहे. आधी सनावळी टाकतो, मग चर्चा.

जन्म ६ मे १८३१, तौरोग्गेन, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातलं लिथुआनिया. ज्यू कुटुंब. आईवडील लहानपणीच गेले, सावत्र भावाने वाढवलं. राब्बी व्हावा म्हणून झितोमीरच्या शाळेत घातला. तिथे हिब्रूत भाषांतर केलेला नवा करार हाती लागला. पुढे ब्रेस्लाउ विद्यापीठ, आणि १८५४ मध्ये अमेरिका. १८५५ मध्ये न्यूयॉर्कला बाप्तिस्मा झाला तो बॅप्टिस्टांकडे. पिट्सबर्गजवळ अ‍ॅलेगेनीला शिकला ते प्रेस्बिटेरियन सेमिनरीत. तिथून एपिस्कोपल चर्चमध्ये आला आणि न्यूयॉर्कच्या जनरल थिऑलॉजिकल सेमिनरीत दाखल झाला.

जुलै १८५९ मध्ये डीकन. त्याच महिन्यात चीनचे मिशनरी बिशप बून यांच्याबरोबर जहाजाने चीनकडे, डिसेंबरात शांघाय. चिनीचा अभ्यास जहाजावरच सुरू केला. २८ ऑक्टोबर १८६० ला प्रीस्ट. १८६२ मध्ये पेकिंग, म्हणजे आजचं बीजिंग. १८७४ च्या अखेरीस मँडरिनमधला जुना करार, थेट हिब्रूवरून, एकट्याने. १८७७ मध्ये शांघायचा बिशप. १८७९ मध्ये शांघायचं सेंट जॉन्स कॉलेज. १८८१ मध्ये वूचांगला पक्षाघात. १८८३ मध्ये पदाचा राजीनामा. १९०२ मध्ये सोप्या वेनलीतलं संपूर्ण बायबल. १५ ऑक्टोबर १९०६ ला टोकियोत निधन.

आता माझं म्हणणं. त्याच्या चरित्रात बिशपपद हा मधला सहा वर्षांचा तुकडा आहे आणि मोठी कामं त्याच्या दोन्ही बाजूंना पडलीत. तरीही ‘बिशप असून भाषांतरही करायचा’ अशा सुरात लिहिलं जातं. हे उलटं आहे. भाषांतरकाराला धरून बिशप केला होता.

---

फडताळ

छान धागा. एक शंका. बॅप्टिस्ट, मग प्रेस्बिटेरियन, मग एपिस्कोपल. प्रत्येक वेळी पुन्हा बाप्तिस्मा का? आणि डीकन, प्रीस्ट, बिशप या पायऱ्या चुकवता येत नाहीत का?

---

तिसरी_घंटा

पुन्हा बाप्तिस्मा नाही. पाणी वापरून आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा या नावाने झालेला बाप्तिस्मा एपिस्कोपल चर्च मान्य करतं, मग तो कोणत्याही मंडळीत झालेला असो. लागतं ते दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याचा विश्वास पक्का करणारा विधी, आणि ते बिशपच्याच हातून. दीक्षेचं मात्र वेगळं. दुसऱ्या मंडळीचा पाळक आला आणि त्याच्यावर प्रेषितांपासून साखळीने चालत आलेल्या परंपरेतल्या बिशपचे हात पडलेले नसतील, तर पहिल्यापासून सुरुवात. शेरेशेव्स्कीला ती अडचण आली नाही, कारण प्रेस्बिटेरियनांकडे तो फक्त शिकला होता, दीक्षा घेतलेली नव्हती.

पायऱ्या अशा.

डीकनसाठी: उमेदवार म्हणून बिशपकडे नोंद, अभ्यास, परीक्षा, मग बिशपच्या हातून दीक्षा. डीकनला वचन वाचता येतं, परवानगी असेल तर उपदेश करता येतो, बाप्तिस्मा देता येतो. प्रभुभोजनाचा विधी चालवता येत नाही.

प्रीस्टसाठी: तेव्हा साधारण वर्षभर डीकन म्हणून काम करावं लागे. इथे जुलै १८५९ ते ऑक्टोबर १८६०, म्हणजे पंधरा महिने, आणि त्यातले पाच जहाजावर गेले! दीक्षा देताना बिशपबरोबर हजर असलेले प्रीस्टही हात ठेवतात.

बिशपसाठी: वय किमान तीस, आणि अभिषेकाला किमान तीन बिशप. हा तीनाचा नियम फार जुना आहे. एकाच्या परंपरेत उद्या खोट निघाली तरी उरलेल्या दोघांमुळे साखळी तुटत नाही, आणि कुणा एकट्याला आपल्या मर्जीतला माणूस गुपचूप बिशप करता येत नाही. शेरेशेव्स्कीचा अभिषेक ३१ ऑक्टोबर १८७७ ला न्यूयॉर्कच्या ग्रेस चर्चमध्ये झाला. वय ४६.

---

वरणफळं

पण निवडलं कुणी? शांघायच्या लोकांनी मत दिलं का?

---

तिसरी_घंटा

नाही, आणि इथेच बरेच लोक घसरतात. अमेरिकेतल्या एखाद्या धर्मप्रांताला बिशप हवा असेल तर तिथलेच प्रीस्ट आणि सामान्य सभासदांचे प्रतिनिधी अधिवेशन भरवून मतदान करतात. नंतर इतर धर्मप्रांतांची आणि बिशपांची संमती मागतात. ती बहुमताने मिळाली नाही तर निवडून आलेला माणूसही घरी बसतो.

मिशनरी बिशप हा प्रकार निराळा. १८३५ पासून सुरू झाला. जिथे मंडळीच अजून उभी व्हायची आहे, तिथे मतदान करणार कोण? म्हणून माणूस वरून निवडायचा. हाउस ऑफ बिशप्स, म्हणजे सगळ्या बिशपांची सभा, नाव ठरवायची, प्रीस्ट आणि सभासदांच्या प्रतिनिधींच्या बाजूने संमती यायची, आणि पगार मिशन बोर्ड द्यायचं. स्वतःच्या प्रांताचा निधी नसल्यामुळे कॉलेज काढायचं असो की वाडीत प्रार्थनाघर बांधायचं असो, बिशपला अमेरिकेत पत्रं लिहून पैसे गोळा करावे लागत.

चीनमध्ये खुर्ची रिकामी का होती, तेही लिहितो. थोरले बून, म्हणजे जहाजावर बरोबर होते तेच, १८६४ मध्ये वारले. त्यांच्यानंतर बिशप विल्यम्स यांच्याकडे चीन आणि जपान दोन्ही. १८७४ मध्ये भाग पाडले आणि विल्यम्स जपानपुरते उरले. चीनला बिशप नाही म्हणजे तिथे दृढीकरण नाही, नवा डीकन नाही, नवा प्रीस्ट नाही. सगळं अडून बसतं. १८७५ मध्ये शेरेशेव्स्कीला निवडलं, त्याने नकार दिला. पुन्हा निवडलं, तेव्हा कुठे हो म्हणाला.

---

जुनी_पानं (धागाकर्ता)

@तिसरी_घंटा, नेमकं. आणि त्याच्या नकाराला नम्रतेचा शिष्टाचार समजू नका कुणी. तो पेकिंगमध्ये ज्या समितीत होता तिच्यात पाच जण: एडकिन्स, मार्टिन, ब्लॉजेट, बर्डन आणि हा. नवा करार पाचांनी मिळून केला, १८७२. एकेकाने भाग वाटून घ्यायचे, कच्चा मसुदा बाकीच्यांकडे फिरायचा, मग चिनी पंडितांना घेऊन एकत्र बसून सुधारणा. यातले बर्डन १८७४ मध्ये हाँगकाँगकडे व्हिक्टोरियाचे बिशप झाले. म्हणजे बिशप झाल्यावर भाषांतराच्या वेळेचं काय होतं, हे शेरेशेव्स्कीसमोर ताजं उदाहरण होतं.

जुना करार मात्र एकट्याकडे दिला, कारण हिब्रू त्याच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. बाकीचे प्रौढपणी सेमिनरीत हिब्रू शिकलेले, हा त्यात वाढलेला.

---

चौथा_सूर

एकट्याकडे देणं हे भाषांतराच्या दृष्टीने चांगलं की वाईट? इथे ‘एकट्याने केलं’ म्हणून टाळ्या वाजतायत. समितीचा फायदा असतो की.

---

मृदुला_पी

दोन्ही आहे. समितीत चूक पकडली जाते, पण भाषा सपाट होते. पाच जणांना पटेल असा शब्द बहुधा सर्वांत बेचव असतो. एकट्याच्या कामात सूर एक राहतो, पण त्याच्या सवयीची चूक हजार पानं तशीच जाते.

कुठे अडतं ते सांगते.

१) हिब्रू कथन ‘आणि’च्या माळेवर चालतं. आणि तो उठला, आणि तो गेला, आणि त्याने पाहिलं. मराठी बायबल वाचलेल्यांना हा ठेका ओळखीचा असेल. चिनीत क्रियापदं नुसती एकापुढे एक ठेवली तरी क्रम कळतो. प्रत्येक ‘आणि’ उतरवला की वाक्य परकं वाटतं, सगळे काढले की मूळची लय जाते. कुठे ठेवायचा आणि कुठे गाळायचा हे ओळीओळीला ठरवावं लागतं.

२) विशेषनामं. नावातल्या प्रत्येक उच्चारखंडाला एक चिनी अक्षर, आणि त्याच उच्चाराची अक्षरं ढिगाने. उत्पत्तीत याकोब एका अक्षरांनी लिहिला आणि यशयात दुसऱ्या, तर वाचकाच्या लेखी ती दोन माणसं. म्हणून नावांची यादी आधी पक्की करायची आणि तिच्याबाहेर जायचं नाही. यादी अर्ध्यात बदलली तर मागचं सगळं पुन्हा तपासा.

३) देवाला म्हणायचं काय. यावर चीनमधले मिशनरी वर्षानुवर्षं भांडले. तीन उमेदवार: शांगदी, म्हणजे वरचा सम्राट, प्राचीन चिनी ग्रंथांतला शब्द. शेन, हा देव, देवता, आत्मा सगळ्यांना चालणारा. आणि तिएनचू, म्हणजे स्वर्गाचा स्वामी, जो कॅथलिक आधीपासून वापरत होते. शेरेशेव्स्कीचा कौल तिएनचूला. प्रोटेस्टंटांमध्ये पुष्कळांना तो कॅथलिक वास सहन होत नव्हता. शेवटी तोडगा काय, तर भाषांतर एकच आणि ज्या संस्थेला जो शब्द हवा तो घालून वेगळी आवृत्ती!

---

खिळेजुळारी

तिसऱ्या मुद्द्यावर छपाईच्या बाजूने भर. शब्द बदलून आवृत्ती काढणं ऐकायला सोपं आहे. ‘शेन’ एका अक्षराचा, ‘शांगदी’ आणि ‘तिएनचू’ दोन अक्षरांचे. दोनाच्या जागी दोन घातले तर ओळ हलत नाही. दोनाच्या जागी एक घातलं की तिथून पुढची ओळ सरकते आणि परिच्छेद संपेपर्यंत खिळे पुन्हा लावावे लागतात. काही जण मग रिकामी जागा सोडून भागवतात.

---

वरणफळं

भारी माहिती. हे ‘वेनली’ काय प्रकरण आहे? मँडरिनमध्ये एकदा केल्यावर पुन्हा वेनलीत का?

---

मृदुला_पी

मँडरिन ही बोलीवर आधारलेली लेखी भाषा. मोठ्याने वाचली की उत्तर चीनमध्ये न शिकलेल्या माणसालाही कळते. उपदेशाला, घरी वाचायला उत्तम. पण कँटन किंवा फूच्यावच्या माणसाची बोली अगदी वेगळी. त्याला मँडरिन परकी.

वेनली म्हणजे अभिजात ग्रंथभाषा. ती कुणीच बोलत नाही, पण अक्षरओळख असलेला कुठल्याही प्रांतातला माणूस ती डोळ्यांनी वाचतो. कोरिया, जपानमधला शिकलेलाही वाचतो. उंच वेनली परीक्षा देणाऱ्या पंडितांची. सोपी वेनली थोडी खालच्या पायरीची, व्यापारी किंवा कारकुनाला झेपणारी. मँडरिनने ऐकणारे मिळाले, सोप्या वेनलीने सगळ्या देशातले वाचणारे मिळणार होते. गणित सरळ आहे.

---

चौथा_सूर

ठीक. पण मूळ मुद्दा तसाच राहतो. बिशप म्हणून त्याने केलं काय? सहा वर्षं कागदावर, त्यातली शेवटची दोन आजारपणात. म्हणजे कामाची चारच.

---

तिसरी_घंटा

चारच. त्यात काय झालं बघा.

शांघायच्या पश्चिमेला जेसफील्ड भागात, सूचौ खाडीच्या वळणावर जागा घेतली. आधीच्या दोन छोट्या मिशन शाळा, बेअर्ड हॉल आणि ड्युएन हॉल, एकत्र केल्या. एप्रिल १८७९ मध्ये कोनशिला, सप्टेंबरात वर्ग सुरू, ३९ विद्यार्थी. तेच सेंट जॉन्स. १८८१ मध्ये मुलींसाठी सेंट मेरीज हॉल. शिवाय दीक्षा, दृढीकरणं आणि यांगत्सेवर वूचांगपर्यंतचे दौरे चालूच.

कॉलेजमागचा हिशेब व्यवहारी होता. अमेरिकेतून माणूस आणायचा तर लांबचा प्रवास, भाषा शिकायला काही वर्षं, तोवर काही जण आजारी पडून परत. इथेच शिकवलेला चिनी प्रीस्ट पहिल्या दिवसापासून कामाला लागतो.

---

चौथा_सूर

आणि त्या कॉलेजचं पुढे काय झालं, तेही लिहा ना. इंग्रजी शिकवणारी संस्था म्हणून नाव झालं. बँका, कस्टम्स आणि परदेशी पेढ्यांना पोरं पुरवली. प्रीस्ट किती निघाले?

---

जुनी_पानं (धागाकर्ता)

@चौथा_सूर, टोला बरोबर बसलाय, पण माणूस चुकलाय. शेरेशेव्स्कीचा रोख चिनी माध्यमावर होता. चिनी अभिजात ग्रंथ, गणित, विज्ञान, धर्मशास्त्र, सगळं चिनीतून. इंग्रजीचा वेगळा विभाग १८८१ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी हा अंथरुणाला खिळला. कॉलेजला इंग्रजीचं वळण लागलं ते मुख्यतः पॉट यांच्या काळात. ते १८८८ मध्ये प्रमुख झाले आणि अर्धशतक राहिले. इंग्रजी येणाऱ्याला शांघायमध्ये लगेच नोकरी होती आणि फी देणारे पालक त्यासाठीच येत होते. १९०५ मध्ये अमेरिकेच्या कायद्याखाली विद्यापीठ म्हणून नोंद झाली, १९५२ मध्ये नव्या राजवटीने विसर्जित केलं.

बायबल लोकांच्या भाषेत नेण्यात जन्म घालवलेल्या माणसाची संस्था इंग्रजीसाठी ओळखली जावी, हे आहे खरं. त्याचा दोष त्याच्या माथी नको.

---

फडताळ

पक्षाघाताचं नीट सांगाल का? कुणी उष्माघात लिहितं, कुणी ताप.

---

तिसरी_घंटा

ऑगस्ट १८८१, वूचांग. मधल्या यांगत्सेचा तो पट्टा उन्हाळ्यातल्या दमट उकाड्यासाठी कुप्रसिद्ध आहे. उष्म्याने आजारपण, जोराचा ताप आणि त्यातून हातापायांवरचा ताबा गेला, बोलणं अडखळू लागलं. बुद्धीला धक्का नाही. ताप, उष्मा आणि पक्षाघात या एकाच आजारपणाच्या तीन पायऱ्या. लिहिणारे आपापली एक उचलतात.

उपचारांसाठी जिनिव्हाला नेलं, तिथे काही वर्षं गेली. गुण बेताचाच. १८८३ मध्ये राजीनामा.

राजीनाम्याचं तंत्र लक्षात घ्या. एपिस्कोपल बिशप नुसतं पत्र टाकून मोकळा होत नाही. राजीनामा हाउस ऑफ बिशप्सकडे जातो आणि त्यांनी स्वीकारला तरच लागू होतो. जातो तो प्रांतावरचा अधिकार. बिशपची दीक्षा जात नाही, ती मरेपर्यंत. त्यामुळे पुढची तेवीस वर्षं तो बिशपच होता, फक्त प्रांत नसलेला. त्याच्या जागी धाकटे बून, म्हणजे थोरल्यांचा मुलगा, आले, १८८४ मध्ये.

---

खिळेजुळारी

आता माझ्या आवडीच्या भागावर येऊ. ते टाइपरायटरचं. ‘दोन बोटांचं बायबल’ म्हणतात ते नेमकं कसं केलं? चिनी टाइपरायटर तर तेव्हा नव्हताच.

---

मृदुला_पी

नव्हता. साधा रोमन लिपीचा टाइपरायटर. हातात पेन धरता येत नव्हतं, ब्रश तर नाहीच. नाव ‘दोन बोटांचं’ पडलं असलं तरी अधू हाताचं मधलं बोट तेवढं कामाचं राहिलं होतं. हिब्रू वाचायचं, मनात वेनली वाक्य जुळवायचं आणि त्याचा उच्चार रोमन अक्षरांत टाइप करायचा. दिवसाला आठेक तास. सुमारे २,००० पानं. १८८८ च्या आसपास सुरू झालं, अमेरिकेत राहून, आणि १८९५ मध्ये ते बाड घेऊन तो शांघायला परतला.

पुढचा टप्पा त्याहून किचकट. रोमन मजकुराची अक्षरं करायची. इथे काय फसतं ते बघा. मँडरिनमध्ये ‘शर’सारखा एक उच्चार आहे, चढत्या सुरातला. त्याच उच्चाराचा, त्याच सुराचा अर्थ दहा, दगड, वेळ, अन्न, खरं, यातला कोणताही असू शकतो. अक्षरं सगळ्यांची वेगळी. बोलताना गोंधळ होत नाही, कारण बोलीत जोडशब्द असतात. दगड म्हणजे ‘शरथौ’, वेळ म्हणजे ‘शरहौ’, अन्न म्हणजे ‘शरवू’. वेनलीत मात्र शेपूट नाही. नुसतं ‘शर’. ती भाषा डोळ्यांसाठी घडलेली, आणि याने ती उच्चारात उतरवलेली! नुसता रोमन कागद एखाद्या पंडितापुढे टाकला तर तो पहिल्याच ओळीत अडकेल.

म्हणून शेजारी बसून करावं लागलं. लेखनिक वाचणार, हा अडखळत्या बोलण्यातून कोणता ‘शर’ ते सांगणार, लेखनिक अक्षर लिहिणार, पुन्हा वाचून दाखवणार. ते पटलं नाही तर खोडून पुन्हा. या कामात चिनी लेखनिकही होता आणि जपानीही. वेनली दोघांनाही वाचता येत होती, हा त्या भाषेचा फायदा इथे प्रत्यक्ष दिसतो.

---

खिळेजुळारी

वा! यंत्राबद्दल थोडं. त्या काळच्या बहुतेक टाइपरायटरांत खिळे खालून वर उडून रोळाच्या पोटाला लागत. टाइप झालेली ओळ समोर दिसतच नसे, रोळाचा सांगाडा उचलून बघावी लागे. धडधाकट टायपिस्ट चार ओळी मारून एकदा बघतो. एका बोटाच्या माणसाला ते उचलणं हेच मोठं काम. कळाही आजच्यासारख्या हलक्या नव्हत्या. खोलवर दाबाव्या लागत, आणि दाब कमी पडला तर अक्षर पुसट उमटतं.

हिशेब मांडला तर गंमत दिसते. सात वर्षं, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर २,१०० दिवस. पानं २,०००. म्हणजे दिवसाला एक पान. आठ तासांत! एका बोटानेही पान दोनेक तासांत उतरायला हरकत नाही. उरलेले सहा तास कुठे गेले ते उघड आहे. कौतुक बोटाचं होतं, वेळ खाल्ला वाक्यांनी.

---

चौथा_सूर

हा हिशेब आवडला. एवढं मात्र लक्षात घ्या की त्याच वर्षांत मँडरिन जुन्या कराराची दुरुस्तीही चालू होती. ती आवृत्ती १८९९ ला आली. म्हणजे पानामागे आठ तास हाही वरचाच आकडा.

---

जुनी_पानं (धागाकर्ता)

हो, ते राहिलंच होतं. १८९७ मध्ये मुक्काम टोकियोला हलवला, छपाईवर नजर ठेवायला. छपाई तिकडे होती आणि मुद्रितं शांघायला पाठवून परत मागवणं त्याच्या स्थितीत शक्य नव्हतं. १९०२ मध्ये अमेरिकन बायबल सोसायटीने संपूर्ण ग्रंथ काढला. त्यानंतरही संदर्भ लावण्याचं काम, कोणत्या वचनाचा कोणत्या वचनाशी धागा आहे ते समासात देणं, शेवटपर्यंत चालू होतं.

यात एक नाव येत नाही, ते आणायला हवं. पत्नी सुझन मेरी वेअरिंग. १८६८ मध्ये शांघायला लग्न. १८८१ पासून पंचवीस वर्षं उठवणं, बसवणं, भरवणं आणि त्याचं तुटक बोलणं इतरांना समजावणं तिच्याकडे. १९०९ मध्ये गेली.

---

वरणफळं

एकट्याने, मूळ भाषांवरून, अख्खं बायबल म्हटल्यावर आपल्याकडच्या पंडिता रमाबाई आठवणारच. केडगावला मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत केलं आणि तिथल्याच छापखान्यात छापलं. त्या १९२२ मध्ये गेल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ चा. अवांतर वाटलं तर सोडून द्या.

---

मृदुला_पी

अवांतर नाही. फरक मात्र आहे. रमाबाई स्वतःच्या भाषेत करत होत्या आणि मूळ भाषा शिकून घेतल्या. शेरेशेव्स्कीची मूळ भाषा घरची होती आणि ज्यात करायचं ती शिकलेली. चुका वेगळ्या जागी पडतात. पहिल्या प्रकारात अर्थ निसटायची भीती, दुसऱ्यात वाक्य परकं वाटायची. म्हणूनच त्याला प्रत्येक टप्प्यावर चिनी कान लागला.

---

फडताळ

तो ज्यू होता तर चीनमधल्या काइफेंगच्या ज्यूंशी काही संबंध आला का? तिकडच्या वस्तीबद्दल वाचलंय.

---

तिसरी_घंटा

आला. १८६७ मध्ये तो काइफेंगला गेला होता. वस्ती तोवर विखुरलेली, सभास्थान पडलेलं, हिब्रू वाचणारं कुणी उरलेलं नाही. काही आठवडे राहिला आणि स्थानिक जमावाच्या विरोधामुळे निघावं लागलं. तिथे पुढे काही उभं राहिलं नाही.

---

चौथा_सूर

शेवटची खोच. आज त्याचं भाषांतर वाचतं कोण? १९१९ चं युनियन व्हर्जन, म्हणजे प्रोटेस्टंटांनी मिळून केलेलं चिनी बायबल, आलं आणि बाकी सगळं कपाटात गेलं.

---

मृदुला_पी

मँडरिनचं बरोबर आहे, पण युनियनवाल्यांनी जुना करार करताना याचा मँडरिन जुना करार समोर ठेवला होता. त्याची कित्येक वळणं तिथे शिरली आहेत. वेनलीची गोष्ट निराळी. १९१९ च्या सुमारास चीनमध्ये बोलीभाषेत लिहायची चळवळच उठली आणि शाळांतून वेनली मागे पडली. सतरा वर्षांत वाचकच पालटला. १८८८ मध्ये बसून हे कुणाला दिसलं असतं?

---

वरणफळं

शांघायला जाणं होणाऱ्यांसाठी: त्याच्याशी संबंधित काही बघायला मिळतं का?

---

जुनी_पानं (धागाकर्ता)

मिळतं. सेंट जॉन्सचा परिसर आज ईस्ट चायना युनिव्हर्सिटी ऑफ पोलिटिकल सायन्स अँड लॉ कडे आहे, छांगनिंगमध्ये. मेट्रोने चोंगशान पार्कला उतरायचं आणि खाडीच्या दिशेने चालायचं. घड्याळाचा मनोरा असलेली, मधे चौक आणि चारी बाजूंनी खोल्या अशी विटांची इमारत शोधा. भिंती पाश्चात्त्य, छपराच्या कडा चिनी पद्धतीने वर वळलेल्या. १८९० च्या दशकातली ती मूळची शेरेशेव्स्की हॉल. चिनी नाव ‘हुआइशी थांग’. त्यातला ‘शी’ म्हणजे त्याच्या चिनी आडनावाचं अक्षर, ‘हुआइ’ म्हणजे आठवण. पण दारावर ते नाव शोधत बसू नका. आता ती ‘थाओफेन लौ’ आहे, इथेच शिकलेल्या पत्रकार झौ थाओफेन यांच्या नावाने.

कबर टोकियोत, आओयामा दफनभूमीत. एपिस्कोपल पंचांगात स्मरणदिन १४ ऑक्टोबर आहे, कारण १५ तारीख आधीच आविलाच्या तेरेसाने धरलेली.

---

खिळेजुळारी

@मृदुला_पी, नावांची यादी पक्की करायची म्हणालात. मँडरिन आणि वेनली दोन्हीत त्याने एकच यादी ठेवली असेल, तर दुसऱ्या वेळी तेवढा ताप वाचला. वेनलीतली नावं टाइप करताना मग नुसता उच्चार पुरे, अक्षरं लेखनिकाने यादीतून उचलायची.

---

मृदुला_पी

हो, यादी हाताशी असली की नावांत ‘शर’चा घोळ होत नाही. वंशावळ्यांची पानं, जिथे वाचक कंटाळून पुढे जातो, ती उतरवायला सगळ्यांत सोपी. स्तोत्रसंहिता आणि ईयोब सगळ्यांत अवघड.